‘तोच हा’ : ओळख परेड आणि प्रामाणिक साक्षीदाराची चूक

डोळा आणि कान यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपली भाषा सांगते. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले खरे, हा त्याचा अर्थ. न्यायालयांनीही ही म्हण जणू पुराव्याचा नियम म्हणूनच पाळली. ऐकीव गोष्ट बाजूस सारायची आणि ‘मी स्वतः पाहिले’ असे शपथेवर सांगणाऱ्याला मान द्यायचा. तो खोटे बोलत असेल तर उलटतपासणीत त्याचे पितळ उघडे पडेल, ही त्यामागची खात्री. पण साक्षीदार खोटे बोलत नसेल आणि तरीही चुकत असेल तर? त्याचे आरोपीशी वैर नाही, पोलिसांशी संगनमत नाही, बक्षिसाची आशा नाही. असा साक्षीदार उलटतपासणीत डगमगत नाही, कारण लपवण्यासारखे त्याच्या मनात काही नसतेच. ओळख परेडीभोवती कायद्याने गेल्या सव्वाशे वर्षांत जी कुंपणे उभारली, त्यांचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाशी झालेल्या झटापटीचा इतिहास होय, असे आम्हांला वाटते.

प्रश्न तसा जुना आहे. आपल्याकडील दर्शनकारांनी ‘तोच हा देवदत्त’ या उदाहरणावर पुष्कळ काथ्याकूट केला. पूर्वी कोठेतरी पाहिलेला देवदत्त आज समोर दिसतो आणि आपण म्हणतो, तोच हा. या ज्ञानाला त्यांनी प्रत्यभिज्ञा असे नाव दिले. त्यातील ‘हा’ डोळ्यांनी दिलेला असतो, ‘तो’ मात्र पूर्वानुभवाच्या संस्काराने दिलेला असतो. आणि जे नैयायिक प्रत्यक्षाला पहिले प्रमाण मानतात, तेच स्मृतीला यथार्थ ज्ञानाच्या वर्गात बसवायला तयार नसतात. ओळख परेडीतील साक्षीदार नेमके हेच वाक्य उच्चारतो : तोच हा. बाहेरून ते प्रत्यक्षासारखे दिसते. त्याचा अर्धा भार मात्र स्मृतीवर असतो, आणि ही स्मृती बहुधा भयाच्या, घाईच्या, अंधूक उजेडातल्या काही क्षणांची असते.

मराठी वाचकाला या संदर्भात भाऊसाहेबांच्या तोतयाची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पुढे सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून प्रकट झाला, आणि १७७६ साली कोकणात त्याच्या नावावर बंड उभे राहिले. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले, त्यामुळे ही कथा आपल्या परिचयाची आहे. भाऊंना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. तरीही संशय आणि विश्वास असे दोन तट पडले आणि निवाडा शेवटी पुण्यात चौकशी होऊन झाला. तोतयाला देहान्त मिळाला. त्यास मानणाऱ्यांत स्वार्थी होते तसे भाबडेही असणार. ज्याची वाट पाहिली जाते त्याचा चेहरा दिसू लागतो, ही माणसाच्या मनाची खोड आहे. पोलीस ठाण्यात बसलेला साक्षीदारही कोणाची तरी वाट पाहत असतो.

आधुनिक कायद्याला या खोडीची जाणीव करून देणारे प्रकरण घडले ते लंडनमध्ये. १६ डिसेंबर १८९५ रोजी व्हिक्टोरिया स्ट्रीटवर एका स्त्रीने अडॉल्फ बेक नावाच्या नॉर्वेजियन गृहस्थाला हटकले आणि ‘यानेच मला फसवले’ असा आरोप केला. त्या काळात लंडनमध्ये एक भामटा वावरत होता. स्वतःला लॉर्ड म्हणवायचे, एकट्या राहणाऱ्या स्त्रीशी ओळख काढायची, तिला ऐश्वर्याची स्वप्ने दाखवायची, कपड्यांसाठी न वटणारा धनादेश द्यायचा आणि नवी अंगठी करून देतो म्हणून मापासाठी तिच्या अंगठ्या घेऊन पसार व्हायचे, अशी त्याची रीत. बेकला पोलिसांनी ताब्यात घेतले आणि फसवल्या गेलेल्या इतर स्त्रियांना बोलावले. रस्त्यावरून हाती लागतील तशी माणसे आणून बेकसोबत ओळीत उभी केली. त्यांत पिकलेले केस आणि मिशा असलेला माणूस एकटा बेक होता. एकीमागून एक स्त्रिया आल्या आणि त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवले.

येथे थोडे थांबून पाहावे. या स्त्रियांपैकी कोणी खोटे बोलत होती असे मानायला जागा नाही. त्यांनी त्या भामट्याशी तासभर गप्पा मारल्या होत्या, त्याला दिवसाउजेडी जवळून पाहिले होते. पण परेडीत त्यांना प्रत्यक्षात विचारला गेलेला प्रश्न ‘तो माणूस येथे आहे काय?’ असा राहिला नव्हता. ओळीची रचनाच अशी होती की प्रश्न ‘यांपैकी पिकल्या केसांचा कोण?’ असा झाला, आणि त्याचे उत्तर कोणीही अचूक दिले असते.

प्रकरण याहूनही गुंतागुंतीचे आहे. १८७७ साली जॉन स्मिथ नावाच्या एकाला अगदी याच तऱ्हेच्या फसवणुकीसाठी शिक्षा झाली होती. तेव्हाच्या एका पोलिसाने अठरा वर्षांनंतर बेककडे पाहून सांगितले की हाच तो स्मिथ. हस्ताक्षरतज्ज्ञाने दोन्ही वेळची पत्रे एकाच हातची ठरवली. बेक तर १८७७ साली दक्षिण अमेरिकेत पेरू देशात होता! हे सिद्ध झाले असते तर सारा खटला कोसळला असता. पण सरकारी वकिलाने आधीच्या शिक्षेचा उल्लेख असलेला आरोप पुढे रेटलाच नाही, आणि मग बेक हा स्मिथ होता की नव्हता, हा प्रश्न न्यायाधीशांच्या मते अप्रस्तुत ठरला. ५ मार्च १८९६ रोजी त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. न्यायाधीश होते सर फॉरेस्ट फुल्टन. १८७७ साली स्मिथवरचा खटला सरकारतर्फे त्यांनीच चालवला होता.

तुरुंगात असताना बेकने अर्जांवर अर्ज केले. १८९८ साली जुने कागद काढल्यावर दिसले की स्मिथची सुंता झालेली होती आणि बेकची नव्हती. शरीराची ही साक्ष निर्विवाद होती. बेक हा स्मिथ नाही, हे गृहखात्याने मान्यही केले. मग काय झाले? कैद्याच्या क्रमांकातील पूर्वशिक्षेची खूण तेवढी काढून टाकली. दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे, ही तर फिर्यादीची मूळ बैठक. तीच ढासळली तेव्हा नव्या शिक्षेचे काय, हा प्रश्न विचारण्याची पायरी कोणीही चढले नाही. एवढ्या स्त्रियांनी ओळखले आहे, मग चूक कशी असेल? संख्येने येणारी ही निश्चिंतता फार घातक असते. सदोष परेडीतून आलेल्या दहा ओळखी या दहा स्वतंत्र पुरावे नसतात, तर एकाच दोषाच्या त्या दहा प्रती असतात.

१९०१ साली बेक सुटला आणि एप्रिल १९०४ मध्ये तशाच आरोपाखाली पुन्हा पकडला गेला. पुन्हा पाच स्त्रियांनी त्याला ओळखले, पुन्हा ज्यूरीने दोषी ठरवले. या वेळचे न्यायाधीश ग्रँथम यांना मात्र कोठेतरी खटकले आणि त्यांनी शिक्षा सुनावणे लांबणीवर टाकले. त्या अवधीत, बेक कोठडीत असताना, ७ जुलै १९०४ रोजी फसवून घेतलेल्या अंगठ्या गहाण टाकताना एक माणूस सापडला. तोच १८७७ चा जॉन स्मिथ. कालिदासाच्या नाटकात अंगठी सापडल्यावरच राजाची स्मृती जागी होते. लंडनच्या या कथेतही चेहऱ्यांनी जे बिघडवले ते अंगठ्यांनी सुधारले. बेकला माफी आणि पुढे पाच हजार पौंडांची भरपाई मिळाली. ‘माफी’ हा शब्दही पाहावा : न केलेल्या गुन्ह्याबद्दल! १९०९ साली तो विपन्नावस्थेत वारला.

या प्रकरणाने इंग्लंड हादरले. सर रिचर्ड कॉलिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि १९०७ च्या कायद्याने इंग्लंडात प्रथमच फौजदारी अपील न्यायालय स्थापन झाले. तोपर्यंत ज्यूरीने दोषी ठरवलेल्या माणसाला वस्तुस्थितीच्या प्रश्नावर दाद मागण्याची नीट सोय तेथे नव्हती. म्हणजे बेकच्या हालअपेष्टांतून अपिलाचा हक्क मिळाला. परंतु ज्या ओळीत तो उभा राहिला होता, ती ओळ कशी उभी करावी याबद्दल कायदेमंडळाने काही ठरवले नाही. ते काम प्रशासकीय सूचनांवर सोडले गेले. हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण तो आपल्याकडेही आजपर्यंत चालत आला आहे.

सूचना आणि आचरण यांत किती अंतर असते ते लगेचच दिसले. डिसेंबर १९०८ मध्ये ग्लासगोत एका वृद्ध स्त्रीचा खून झाला आणि ऑस्कर स्लेटर या जर्मन ज्यू माणसावर संशय आला. त्याला ज्या ओळीत उभे केले तीत बाकीचे लोक पोलीस आणि रेल्वेचे कर्मचारी होते, त्याच्यासारखा दिसणारा एकही नव्हता. शिवाय साक्षीदारांना त्याची छायाचित्रे आधी दाखवलेली होती. त्याला फाशी सुनावली गेली, ती जन्मठेपेत बदलली, आणि १९२८ साली शिक्षा रद्द होईपर्यंत त्याची अठराहून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती. आर्थर कॉनन डॉयल यांनी १९१२ साली त्याच्या बाजूने पुस्तिका लिहिली होती. तिचा परिणाम व्हायला दीड दशक लागले. ज्याला परका चेहरा आहे, त्याला स्थानिक चेहऱ्यांच्या ओळीत उभे करणे म्हणजे त्याच्याकडे आधीच बोट दाखवणे, हा धडा स्लेटरच्या प्रकरणाने दिला.

मानसशास्त्राचे लक्ष इकडे त्याच सुमारास वळले होते. ह्युगो म्युन्स्टरबर्ग यांनी १९०८ साली साक्षीदाराच्या स्मृतीवर पुस्तक लिहून वकीलवर्गाची नाराजी ओढवून घेतली. १९३२ साली अमेरिकेत एडविन बोर्चर्ड यांनी निरपराधांना झालेल्या शिक्षांची ६५ प्रकरणे संकलित केली, त्यांपैकी २९ प्रकरणांत जवळजवळ सारा दोष चुकीच्या ओळखीकडे जात होता. तरीही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला परेडीविषयी घटनात्मक नियम घालण्यास १९६७ साल उजाडावे लागले. वेड खटल्यात न्यायालयाने म्हटले की आरोप ठेवल्यानंतर होणाऱ्या परेडीस आरोपीचा वकील हजर असण्याचा हक्क आहे. कारण परेडीत जे घडते ते नंतर कोर्टात पुन्हा उभे करता येत नाही. आरोपीला आपल्याविरुद्ध काय सुचवले गेले हे कळत नाही आणि साक्षीदाराला आपल्याला काही सुचवले गेले याचे भान नसते. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या त्या निकालपत्रात सदोष परेडींचे नमुनेच दिले आहेत. त्यांतील एकात सहा जणांच्या ओळीत पौर्वात्य चेहऱ्याचा माणूस एकटा संशयितच होता. मात्र पाचच वर्षांनी, १९७२ साली, हा हक्क आरोप ठेवण्यापूर्वीच्या परेडींना लागू नाही असे ठरले, आणि बहुतेक परेडी तर तेव्हाच होतात. १९७७ च्या मॅन्सन खटल्यानंतर कसोटी ही राहिली की परेड सूचक असली तरी ओळख एकंदरीत विश्वसनीय वाटते का. विश्वसनीयतेच्या मापांपैकी एक होते साक्षीदाराची खात्री! म्हणजे ज्या दोषाने खात्री फुगते, त्याच खात्रीने दोष धुऊन निघायचा.

इंग्लंडमध्ये दुसरा हादरा बसला तो १९७४ साली. लास्झलो विराग या माणसाला १९६९ साली दहा वर्षांची शिक्षा झाली होती. अनेकांनी त्याला ओळखले होते, आणि त्यांत पोलीसही होते. गुन्हा दुसऱ्याचा होता. ल्यूक डॉहर्टी या दुसऱ्या गृहस्थावर दुकानातून पडदे चोरल्याचा आरोप होता. घटनेच्या वेळी तो बसच्या सहलीत चाळीसेक लोकांबरोबर होता, तरी छायाचित्रावरून आणि थेट न्यायालयात ओळखला जाऊन तो दोषी ठरला. या दोघांमुळे लॉर्ड डेव्हलिन यांची समिती नेमली गेली आणि १९७६ साली तिचा अहवाल आला. तो आजही वाचनीय आहे. १९७३ या एका वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये २,११६ परेडी झाल्या होत्या. ज्या खटल्यांत प्रत्यक्षदर्शी ओळखीखेरीज दुसरा खरा पुरावा नव्हता, असे ३४७ खटले निघाले, आणि त्यांतील ७४ टक्क्यांत शिक्षा झाली होती. म्हणजे केवळ ‘तोच हा’ या दोन शब्दांवर माणसे तुरुंगात जात होती, आणि ती अपवादाने नव्हे, तर नित्याने.

डेव्हलिन समितीचे म्हणणे होते की केवळ ओळखीच्या पुराव्यावर, अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास, शिक्षा होऊ नये. न्यायालयाने इतके कडक पाऊल उचलले नाही. परंतु त्याच वर्षी टर्नबुल खटल्यात त्याने एक नियमावली दिली. न्यायाधीशाने ज्यूरीला विशेष सावधगिरीचा इशारा द्यायचा आणि ती सावधगिरी का, तेही सांगायचे : खात्रीचा साक्षीदारही चुकू शकतो, आणि असे अनेक साक्षीदार एकत्र चुकू शकतात. मग किती वेळ पाहिले, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात, मध्ये काही आडवे होते का, आधी ओळख होती का, घटनेनंतर किती दिवसांनी ओळखले, पोलिसांना प्रथम सांगितलेल्या वर्णनाशी आरोपी जुळतो का, हे तपासायचे. ओळखीचा दर्जा निकृष्ट असेल आणि अन्य आधार नसेल तर खटला ज्यूरीपुढे जाऊच द्यायचा नाही. पुढे १९८४ च्या कायद्यानुसार परेडीची तपशीलवार संहिता आली आणि या शतकात प्रत्यक्ष ओळीची जागा बहुतांशी ध्वनिचित्रफितींनी घेतली. या साऱ्या प्रवासात एक महत्त्वाची गोष्ट घडली. संशयाचा रोख साक्षीदाराच्या नियतीवरून काढून पद्धतीवर ठेवला गेला.

आता आपल्याकडे यावे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ९ मध्ये व्यक्तीची ओळख प्रस्थापित करणाऱ्या गोष्टी ‘संबद्ध’ ठरवल्या होत्या. ओळख परेड कशी घ्यावी याविषयी त्यात अक्षर नव्हते. पद्धत घडली ती निकालांतून, आणि त्यांतील एक मोठा निकाल मुंबईचा. १९५१ साली मुंबईत लॉइड्स बँकेच्या रोकडीवर दरोडा पडला. त्या खटल्यात पोलिसांनी घेतलेल्या ओळख परेडींचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. रामकिशन मिठनलाल शर्मा विरुद्ध मुंबई राज्य या नावाने तो निकाल प्रसिद्ध आहे. तपासात पोलिसांपुढे केलेले निवेदन फिर्यादीला खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा आपल्या फौजदारी प्रक्रियेचा जुना नियम. न्यायालयाने विचारले : साक्षीदाराने पोलिसांसमोर बोट दाखवणे हे निवेदन नव्हे काय? ओळखणे ही मनातली क्रिया, पण बोटाने, मानेने वा शब्दाने ती दुसऱ्याला कळवली की ते निवेदनच झाले. म्हणून पोलिसांच्या देखरेखीत झालेली परेड बाद. पोलिसांनी व्यवस्था करून स्वतः पूर्णपणे बाजूला व्हावे, आणि परेड पंचांच्या वा दंडाधिकाऱ्यांच्या ताब्यात असावी, तरच तिचा उपयोग.

विचार केला तर ही सूक्ष्म दृष्टी विलक्षण आहे. ज्याला आरोपी कोण हे ठाऊक आहे आणि ज्याला तपास यशस्वी व्हावा अशी इच्छा आहे, त्याने परेडीच्या खोलीत नसावे, हे मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांआधी आपल्या न्यायालयाने वेगळ्या वाटेने गाठले होते. त्याचे कारण मानवी स्मृतीविषयीचे नव्हते, पोलिसांवरील अविश्वासाचे होते. पण फळ तेच. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेने ही पद्धत पुढे नेली. परेड दंडाधिकाऱ्याने घ्यावी, सोबत दोन स्वतंत्र प्रतिष्ठित व्यक्ती असाव्यात, एका संशयितासाठी निदान सहा आणि दोघांसाठी दहा-बारा ‘डमी’ असावेत, ते दिसायला साधारण सारखे असावेत, दोनपेक्षा अधिक संशयित एका ओळीत नसावेत, संशयिताला आपली जागा निवडू द्यावी, ओळीतील माणसांविषयी हरकत आहे का ते विचारावे. बुरखा घालून आरोपीला कोर्टात आणण्याची आपल्याला परिचित असलेली पद्धतही याच काळजीपोटी आली.

याच्या जोडीला घटनात्मक प्रश्न होता. ओळीत उभे राहायला लावणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे नव्हे का? १९६१ च्या मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या निकालात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की शरीर दाखवणे, बोटांचे ठसे देणे ही साक्ष नव्हे. तो धागा पकडून २०२३ साली मुकेश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की या कारणास्तव आरोपी परेडीला नकार देऊ शकत नाही. दरम्यान २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५४-अ आले. परेडीसाठी न्यायालयाचा आदेश, असा वैधानिक आधार तिला पहिल्यांदा मिळाला. २०१३ साली त्यात अपंग साक्षीदारासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची देखरेख आणि चित्रीकरण यांची भर पडली. १ जुलै २०२४ पासून जुने कायदे जाऊन नवे लागू झाले, तरी ओळखीविषयीच्या तरतुदी जवळजवळ जशाच्या तशा नव्या क्रमांकांनी आल्या.

आम्हांला खटकते ते येथे. डमी किती असावेत, त्यांचे दिसणे कसे असावे, परेड किती दिवसांत व्हावी, आरोपीचा वकील असावा की नसावा, यांतील एकही गोष्ट मूळ कायद्यात नाही. सारे नियमपुस्तिकांत आणि निकालपत्रांत विखुरलेले. त्याहून मोठी अडचण एका सिद्धांताची आहे. आपल्याकडे परेड हा तपासाचा भाग मानला जातो. तिला मूळ पुराव्याचे स्थान नाही, ती केवळ पुष्टीसाठी. मूळ पुरावा कोणता? साक्षीदाराने न्यायालयात आरोपीकडे बोट दाखवणे. २००३ च्या मलखानसिंह निकालाने हे पुन्हा स्पष्ट केले आणि परेड झालीच नाही तरी कोर्टातील ओळख आपोआप बाद होत नाही, हेही सांगितले. तिला किती वजन द्यायचे, हे न्यायालयाने ठरवायचे.

तर्काने हे समजण्यासारखे आहे. शपथेवर, उलटतपासणीच्या टप्प्यात जे सांगितले जाते तेच पुरावा. पण स्मृतीच्या दृष्टीने ही उतरंड उलटी आहे. खटला उभा राहायला आपल्याकडे अनेक वर्षे जातात. तोवर साक्षीदाराने आरोपीला वर्तमानपत्रात, वाहिनीवर, कोर्टाच्या आवारात पाहिलेले असते. पिंजऱ्यात उभा असलेला माणूस कोण हे सांगायला स्मृतीची गरजच काय? तेथे डमी नसतात. बेकच्या ओळीत निदान इतर माणसे तरी होती.

गेल्या चार दशकांतील संशोधन याच मुद्द्याकडे येते. गॅरी वेल्स यांनी १९७८ साली एक उपयुक्त भेद केला : घटनास्थळचा उजेड, अंतर, भीती हे घटक कोणाच्या हातात नसतात, परंतु परेड कशी घ्यायची हे यंत्रणेच्या हातात असते. म्हणून सुधारणा तेथे करावी. परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे ठाऊक नसावे. ‘तो माणूस यांत नसेलही’ असे साक्षीदाराला आधी सांगावे. त्याला किती खात्री वाटते हे तत्क्षणी, त्याच्याच शब्दांत नोंदवावे. कारण ‘बरोबर ओळखलेत’ एवढे जरी कोणी म्हटले तरी मागाहून खात्री वाढते आणि उजेड अधिक होता, चेहरा अधिक स्पष्ट दिसला होता असेही आठवू लागते. नीट घेतलेल्या पहिल्या परेडीत व्यक्त झालेली खात्री बरेच काही सांगते, आणि वर्षांनंतर कोर्टात व्यक्त झालेली खात्री फार थोडे, हे आता बऱ्यापैकी मान्य झाले आहे. न्यू जर्सी राज्याने २००१ साली या पद्धती पोलिसांना लागू केल्या, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हेंडरसन निकालात खात्रीवर भिस्त ठेवणारी जुनी कसोटी सोडून दिली.

संशोधनाला धार आली ती डीएनए चाचणीमुळे. अमेरिकेत या चाचणीने निर्दोष ठरलेल्यांच्या प्रकरणांत दोन-तृतीयांशांच्या आसपास चुकीची ओळख आढळली. उत्तर कॅरोलायनातील रोनाल्ड कॉटन त्यांपैकी एक. १९८४ साली एका विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. जगले तर या माणसाला ओळखायचेच, या निश्चयाने तिने त्याचा चेहरा जाणीवपूर्वक न्याहाळला होता. प्रथम छायाचित्रांतून, मग प्रत्यक्ष ओळीतून तिने कॉटनला निवडले. दोन्ही ठिकाणी असलेला चेहरा त्याचा एकट्याचाच होता. पुढे १९८७ च्या खटल्यात खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणला गेला आणि तिने त्याला ओळखले नाही. तोवर तिच्या स्मृतीतला चेहरा कॉटनचा झाला होता. १९९५ साली दहाहून अधिक वर्षांनी तो सुटला. या स्त्रीइतका सावध आणि प्रामाणिक साक्षीदार मिळणे दुर्मीळ. म्हणूनच हे उदाहरण अस्वस्थ करते. येथे एकाच चुकीने दोघांचे नुकसान केले, आणि खरा गुन्हेगार मोकळा राहिला त्याचे मोल इतर स्त्रियांनी दिले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. आपल्याकडे साक्षीदार आधीच घाबरलेले असतात, फितूर होतात, खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात. त्यात ओळखीच्या पुराव्यावर आणखी अटी लादल्या तर अपराधी सुटतील, आणि अत्याचार सोसलेल्या माणसाला ‘तुझी स्मृती विश्वासार्ह नाही’ असे सांगणे क्रूरपणाचे होईल. आमचे उत्तर असे की या अटी साक्षीदारावर नाहीतच, त्या परेड घेणाऱ्यावर आहेत. सारखी दिसणारी सहा माणसे उभी करणे, परेड लवकर घेणे, तिचे चित्रीकरण करणे, संशयित कोण हे न जाणणारा अधिकारी नेमणे, पहिले शब्द लिहून ठेवणे, यांतील काहीही साक्षीदाराचा अवमान करत नाही. उलट त्याच्या स्मृतीचे ती अजून ताजी असताना जतन करते. बोटाचा ठसा जसा पुसू नये म्हणून जपतात, तशीच स्मृतीही जपायला हवी. हयगयीने घेतलेली परेड पुढे अपिलात टिकत नाही आणि खरा अपराधीही तिच्यामुळेच सुटतो, हे आपल्या निकालपत्रांतून वारंवार दिसते.

शेवटी हे दुखणे कोणाच्या वाट्याला येते, हे विसरता कामा नये. ज्याच्याकडे चांगला वकील आहे, जो घटनेच्या दिवशी कोठे होता याचे कागद दाखवू शकतो, तो चुकीच्या ओळखीतून बहुधा निसटतो. ज्याचे काम रोजंदारीचे, ज्याचा पत्ता पुलाखालचा, ज्याचे छायाचित्र ठाण्यातील जुन्या नोंदींत आधीच आहे, तो ओळीत उभा राहतो तेव्हा त्याच्या बाजूला उभे केलेले सहा डमी हेच त्याचे पहिले संरक्षण असते. ते नीट निवडले गेले की नाही, हे आज तहसीलदाराच्या वा दंडाधिकाऱ्याच्या साक्षेपावर सोडलेले आहे. १९०४ च्या इंग्लंडनेही ते साक्षेपावरच सोडले होते. नवे कायदे लिहिले जात असताना ही पद्धत अधिनियमाच्या मजकुरात आणण्याची संधी होती, ती गेली. पुढच्या दुरुस्तीत तरी ती यावी. तोपर्यंत उच्च न्यायालयांनी आपापल्या नियमपुस्तिकांत चित्रीकरण, अनभिज्ञ अधिकारी आणि पहिल्या खात्रीची नोंद या तीन गोष्टी घालणे शक्य आहे. त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही.